साताऱ्याच्या खाली ट्रायासिक का नाही?

हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातलं अडखळणं काढून टाकलंय, बाकी बोली तशीच ठेवली आहे. गाडीवर ऐकताना ज्यांचे आकडे निसटले त्यांनी ते इथे बघावेत.

विषय तुम्हीच दिलात. खटाव, विटा, आटपाडी, शिराळा, पाटण, सगळीकडून फोटो येतायत. विहीर खणताना निघालेला गोल गरगरीत दगड, त्यावर टोपीसारखं निघालेलं एक टरफल आणि खाली प्रश्न: "दादा, हे डायनासोरचं अंडं आहे का?" एकाने तर हळदकुंकू वाहिलेला फोटो पाठवला. पण एका श्रोत्याने जरा पुढचं विचारलं. "डायनासोर ज्या काळात सुरू झाले तो ट्रायासिक काळ. त्या काळाचा खडक आपल्या सातारा-सांगलीत आहे का? नसला तर का नाही?"

उत्तर आधी सांगतो. नाही. वर दिसत नाही, आणि कोयनेच्या भागात तर खाली खोल जाऊन बघितलं, तिथेही नाही. हे "खाली जाऊन बघितलं" प्रकरण मला फार आवडतं, पण तिथवर जायच्या आधी काळाचा हिशेब लावून घेऊ.

ट्रायासिक म्हणजे साधारण २५.२ कोटी ते २०.१ कोटी वर्षांपूर्वीचा काळ. आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे सह्याद्रीचा दगड तयार झाला तेव्हा ट्रायासिक संपून तेरा कोटी वर्षं उलटली होती. डायनासोरची सुरुवात ट्रायासिकमधली, आणि शेवट आपल्या लाव्हाच्या काळातला. आपण शेवटच्या पानावर राहतो आणि पहिल्या पानावरचा प्राणी शोधतोय.

आता हा काळा पाषाण. खंबाटकी घाटात रस्त्यासाठी कापलेला डोंगर बघा, किंवा पसरणी घाट चढताना समोरच्या डोंगराकडे बघा. आडव्या पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरी म्हणजे जमिनीच्या भेगांमधून आलेल्या लाव्हाचा एक किंवा अनेक थर. मधेच कुठे विटकरी लाल पट्टा दिसतो, तो गेरूसारखा. एक थर थंड झाला, त्याचा वरचा भाग हवा-पाण्याने कुजला, त्याची लाल माती झाली आणि मग पुढचा लाव्हा तिच्यावर आला. ज्यांच्या घरी बोअर मारलीय त्यांना हे पाठच असेल. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मधेच लाल पाणी, पुन्हा पाषाण. बोअरवाला जे धुळीच्या रंगावरून सांगतो तेच भूवैज्ञानिक जरा महागड्या यंत्रांनी सांगतात.

या लाव्हाच्या वरच्या थरांच्या एका मोठ्या गटाला जगभरचे भूवैज्ञानिक "वाई उपसमूह" म्हणतात. हो, आपली वाई! ढोल्या गणपतीची. त्यातल्या एका फॉर्मेशनचं नाव महाबळेश्वर. फॉर्मेशन म्हणजे काय, तर एकाच प्रकारे, एकाच सुमाराला तयार झालेल्या थरांचा गट, जो नकाशावर वेगळा दाखवता येतो. ज्या गावाजवळ तो नीट दिसतो त्या गावाचं नाव त्याला देतात. त्यामुळे डायनासोर कसे संपले यावर अमेरिकेत कुणी भांडत असेल तर त्या भांडणात वाई आणि महाबळेश्वर ही नावं येतातच. आपल्याला ट्रायासिक मिळालं नाही म्हणून वाईट वाटत असेल त्यांच्यासाठी हे सांगितलं.

मग जीवाश्म का नाहीत? जीवाश्माला काय लागतं ते बघा. प्राणी मेला की उघड्यावर त्याचं काही उरत नाही. कोल्ही-कुत्री नेतात, किडे खातात, ऊन-पाऊस हाडांचा भुगा करतात. तो टिकायचा तर लवकर गाडला जायला हवा, आणि गाडायला हवा गाळ. नदीचा, तळ्याचा, पुराचा. वर आणखी गाळ साठतो, हवा तुटते, पाण्यातली खनिजं हाडाच्या बारीक छिद्रांत शिरतात आणि लाखो वर्षांत गाळाचा दगड होतो. त्याला गाळाचा खडक किंवा स्तरित खडक म्हणतात. लाव्हाचं तापमान अकराशे-बाराशे अंश. त्यात सापडलेल्या जिवाचं काय होणार, ते चुलीत कागद टाकून बघितलेल्या कुणालाही कळेल.

अपवाद आहेत. दोन लाव्हांच्या मधे उसंत मिळाली, तळं साठलं, गाळ बसला, तर त्यात जीव सापडतात. मुंबईत वरळीला अशाच मधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. नागपूरच्या बाजूलाही असे थर आहेत. आपल्याकडच्या घाटांत मात्र दोन थरांच्या मधे दिसतो तो बहुतेक वेळा तो लाल पट्टाच.

आता तुमचे फोटो. गोल दगडांबद्दल एकदाच सांगून टाकतो. काळा पाषाण थंड होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात आणि त्याचे चौकोनी ठोकळे होतात. भेगांतून पाणी शिरतं. ठोकळ्याचे कोपरे दोन-तीन बाजूंनी कुजतात, म्हणून ते आधी झडतात. चौकोनाचा गोल होतो, आणि बाहेरून आत कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात. मुरमात असे शेकडो गोळे बसलेले असतात, लहान-मोठे, एकमेकांना खेटून. म्हणून वाटतं की घरटं सापडलं. फोडून बघा, आत तोच काळा दगड असतो, भरीव.

दुसरा फोटो नेहमी येतो तो दगडावरच्या नेच्याच्या पानाचा. काळी, नाजूक, फांद्या फुटलेली नक्षी. सुंदर असते, पण वनस्पती नाही. दगडाच्या फटीत शिरलेल्या पाण्यातलं मँगनीज तसं पसरत गेलं आणि सुकलं. ओळखायची खूण अशी की पानाला मधली शीर असते, ठरावीक आकार असतो. ही नक्षी फटीच्या कडेपासून सुरू होऊन वाट फुटेल तशी पसरते. तिसरी गोष्ट म्हणजे माण, आटपाडी, जत या कोरड्या भागातले चुनखडीचे खडे. पांढरे, वेडेवाकडे, कधी थेट बोटाच्या हाडासारखे. तेही मातीत पाणी सुकता सुकता तयार झालेले. आणि चौथी, दगडाच्या पोकळीतल्या चकचकीत गारा. त्या दात नाहीत. त्या छान आहेत, ठेवा शोकेसमध्ये.

खरं हाड असेल तर तुटलेल्या बाजूला स्पंजासारखी जाळी दिसते आणि बाहेरून घट्ट साल. जुने लोक जिभेला लावून बघतात, जाळीदार हाड जिभेला चिकटतं. मी तुम्हाला तसं करायला सांगत नाहीये, कुठला दगड कुठून आलाय देवाला ठाऊक.

आता खोल जाऊ. वर लाव्हा आहे, ठीक. पण लाव्हा सांडला तो कशावर? खाली जुनी जमीन असणारच. तिथे ट्रायासिकचा गाळ दडलेला असू शकतो की नाही? या प्रश्नाचं उत्तर एरवी अंदाजच राहिलं असतं. ते मिळालं एका वेगळ्याच कारणाने. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेला ६.३ क्षमतेचा भूकंप झाला. घरोघरी अजून त्याच्या आठवणी निघतात. तेव्हापासून कोयना आणि वारणेच्या परिसरात छोटे-मोठे धक्के चालूच आहेत, आणि धरणातल्या पाण्याशी त्यांचा संबंध कसा लागतो हे समजून घ्यायला केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने तिथे खोल छिद्रं पाडायचं ठरवलं. त्यासाठी कराडला प्रयोगशाळा झाली. कोयनानगरजवळ रासाटीला पाडलेलं छिद्र १,५२२ मीटर खोल गेलं. पुढे गोठण्याचं छिद्र २०१७ साली तीन किलोमीटरपर्यंत नेलं. आपल्या गावातली पाचशे फुटांची बोअर आठवा. हे त्याच्या जवळजवळ वीस पट.

तर काय लागलं? रासाटीला साधारण ९३० मीटर नुसता लाव्हा, थरावर थर. गोठण्याला साधारण १,२४७ मीटर. आणि त्याच्या खाली? थेट ग्रॅनाइट. हंपीला, कर्नाटकात दिसतो तसला जुना, कणीदार, फिकट खडक. वय अडीच अब्ज वर्षांहून जास्त. मधे ना वाळूचा खडक, ना चिकणमाती, ना नदीचे गोटे.

ही गोष्ट नुसती ऐकून सोडू नका. छिद्रातून दगडाची नळकांडी बाहेर काढतात. लाव्हा जिथे ग्रॅनाइटला टेकतो तिथलं नळकांडं हातात घेतलं अशी कल्पना करा. अंगठा ६.६ कोटी वर्षांवर आहे आणि करंगळी २५० कोटींच्याही पलीकडे. मधली दोनशे चाळीस कोटींहून जास्त वर्षं तळहाताच्या एका रेषेत गायब. त्यात ट्रायासिक आहे, जुरासिक आहे, जमिनीवर आलेली पहिली झाडं आहेत, सगळं आहे. म्हणजे नाहीये.

कुठे गेलं? गाळ साठायला खोलगट जागा लागते. उंचावर गाळ साठत नाही, तिथून तो निघून जातो. घराच्या पत्र्यावर माती बसत नाही, ती पन्हाळीतून खाली जाते, तसं. पश्चिम महाराष्ट्राखालचा हा जुना ग्रॅनाइट बहुधा त्या सगळ्या काळात उंचवटा म्हणून उभा होता आणि झिजत होता. काही साठलं असेलच तर तेही लाव्हा यायच्या आधी वाहून गेलं. दर ठिकाणी असंच असतं असं नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला छिद्र घेतलं, तिथे ३३८ मीटर लाव्हाखाली आठेक मीटर गाळाचा थर मिळाला आणि मग जुना खडक. कोयनेला तेवढाही नाही.

मग त्या काळातला गाळ कुठे साठला? पूर्वेला. तेव्हा भारत, आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया सगळे एकमेकांना चिकटलेले होते. अरबी समुद्र नव्हता, सह्याद्री नव्हता. आजच्या वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीच्या पट्ट्यात जमीन लांबच्या लांब खचत होती आणि त्या खड्ड्यात नद्या कोट्यवधी वर्षं गाळ ओतत होत्या. चंद्रपूर, वणीचा कोळसा त्याच खड्ड्यातला, ट्रायासिकच्या आधीच्या काळातला. आणि कोळशाच्या वरच्या थरांत ट्रायासिक.

इथे एका माणसाची ओळख करून देतो. स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज माहीत असेल, ते त्याच्या नावाचं. हा स्कॉटलंडचा मिशनरी, १८४५ साली नागपूरला आला. शाळा चालवायची, धर्माचं काम करायचं आणि उरलेल्या वेळात दगड फोडत हिंडायचं. सोबत रॉबर्ट हंटर नावाचा सहकारी. नागपूरच्या दक्षिणेला साधारण साठ मैलांवर मांगली नावाचं गाव आहे. तिथल्या लालसर गाळाच्या खडकात या दोघांना एक कवटी मिळाली. ती लंडनला गेली. रिचर्ड ओवेनने १८५५ साली तिचं वर्णन छापलं. ओवेन म्हणजे "डायनासोर" हा शब्द ज्याने बनवला तोच. त्याने नाव दिलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. अर्थ साधा आहे, आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा. बेडूक आणि सॅलमँडरच्या जुन्या भाऊबंदांपैकी, पाण्यात राहून मासे गिळणारा प्राणी. मांगलीचे थर ट्रायासिकच्या अगदी सुरुवातीचे मानले जातात. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं महाराष्ट्रातलं खरं उत्तर हे. आपल्या राज्याचं ट्रायासिक विदर्भात आहे आणि त्याचा पहिला नामांकित रहिवासी हा रुंद डोक्याचा गडी.

ही सुरुवात कशी होती तेही बघा. ट्रायासिकच्या तोंडावर सैबेरियात प्रचंड लाव्हा वाहिला, आपल्याकडच्यापेक्षाही मोठा. हवा आणि समुद्र बिघडले, पृथ्वीवरच्या बहुतेक जाती संपल्या. मांगलीच्या डबक्यात जे दिसतं ते त्या तडाख्याच्या आसपासचं जग. आणि ट्रायासिक संपलं तेही दुसऱ्या एका लाव्हाच्या काळात, अटलांटिक फाटताना. मग तिसरा मोठा लाव्हा आपला, वाई-महाबळेश्वरचा, डायनासोरच्या शेवटच्या वेळी हजर. अर्थात त्या शेवटात उल्केचा वाटा किती आणि आपल्या लाव्हाचा किती, यावर वाद चालू आहे. उल्केचं पारडं जड आहे असं माझं मत, पण सातारकर म्हणून लाव्हाला अगदीच सोडवत नाही.

मांगलीनंतरचा, म्हणजे साधारण २२ कोटी वर्षांपूर्वीचा ट्रायासिक बघायचा तर प्राणहिता ओलांडून तेलंगणात, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात जावं लागतं. तिथलं मलेरी गाव. त्यावरून मलेरी फॉर्मेशन. लाल चिकणमाती आणि मधेमधे वाळूचा खडक. हिस्लॉपकडे इथलेही जीवाश्म आले होते. इथे फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या माशांचे दात मिळतात, आणि प्राण्यांच्या विष्ठेचे दगड तर ढिगाने. हसू नका, कोण काय खात होतं हे त्यावरूनच कळतं.

मलेरीतला सगळ्यात दणकट प्राणी पॅरासुकस हिस्लॉपी. नावात आपला मिशनरी आहेच. दिसायला थेट मगर, पण मगर नव्हे. मगरीच्या नाकपुड्या सुळक्याच्या टोकाला असतात, याच्या डोळ्यांपाशी. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी (आकडेशास्त्राची संस्था, पण जीवाश्मांत त्यांनी फार मोठं काम केलंय) इथे खोदकाम केलं. पॅरासुकसचे जवळजवळ पूर्ण सांगाडे मिळाले आणि त्यांच्या पोटाच्या जागी दुसऱ्याच एका सरड्यासारख्या प्राण्याचे सांगाडे. शेवटचं जेवण! त्या जेवणाला शंकर चॅटर्जींनी १९८० साली नाव दिलं मलेरीसॉरस.

तिथेच हायपरोडापेडॉन मिळतो. पोपटासारखी चोच, आत दातांच्या रांगा, पाला खाणारा, डुकराच्या बांध्याचा. त्याच्याच जातभाईंचे सांगाडे स्कॉटलंडमध्ये, ब्राझीलमध्ये, टांझानियात मिळतात. एवढा जड प्राणी समुद्र पोहून जाणार नाही. जमिनी जोडलेल्या होत्या म्हणून तो चालत गेला. आणि या सगळ्यांच्या पायात घोटाळणारा छोटासा आल्वाल्केरिया, भारतातल्या सगळ्यात जुन्या डायनासोरपैकी एक. तुम्ही अंडं शोधत होता त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणा, तो एवढासा होता.

महाराष्ट्राच्या हद्दीतच राहायचं असेल तर गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात जा. तिथल्या कोटा गावावरून कोटा फॉर्मेशन हे नाव पडलं. ते ट्रायासिकच्या पुढचं, जुरासिकचं. वडधमला वनविभागाने जीवाश्म उद्यान केलंय, दगड झालेले ओंडके बघायला मिळतात. गेलात तर एकच विनंती, तुकडा खिशात घालू नका. एक तर ती वनखात्याची जागा आहे. दुसरं, हाड किंवा ओंडका कुठल्या थरात, कशाशेजारी पडला होता यावरच त्याचं वय आणि गोष्ट ठरते. पॅरासुकसच्या पोटातला सरडा कुणी आधीच उचलून घरी नेला असता तर तो नुसता सरडा राहिला असता.

सांगलीकर आत्तापर्यंत नाराज झाले असतील, म्हणून त्यांच्यासाठी एक जवळची गोष्ट. तुमच्या दक्षिणेला, गोकाकजवळ, घटप्रभेच्या खोऱ्यात रॉबर्ट ब्रूस फूटला गेंड्याचे जीवाश्म मिळाले होते. १८७४ साली त्याने ते छापले. तो गाळ लाव्हाच्या कितीतरी नंतरचा, नदीचा, अगदी अलीकडचा. कृष्णेच्या खोऱ्यात कधीकाळी गेंडे चरत होते. त्यामुळे सांगलीत, मिरजेत नदीच्या उंच दरडीत, काळ्या मातीच्या खाली, वाळू-गोट्यांच्या थरात जाळीदार हाड दिसलं तर ते उपटू नका. जागेवरच फोटो काढा, शेजारी नाणं किंवा पेन ठेवा, लांबून दरडीचा एक फोटो घ्या, लोकेशन सेव्ह करा आणि जवळच्या कॉलेजच्या भूगोल किंवा भूशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. डायनासोर नसेल, पण तो फोटो मात्र मला पाहिजे.

आणि ज्यांना ट्रायासिक जिवंतच बघायचंय त्यांनी पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर जावं. मांगलीच्या खडकात त्या कवटीबरोबर आणखी काही मिळालं होतं, तांदळाच्या दाण्याएवढ्या शिंपल्या. त्या शिंपल्या नाहीत. दोन झाकणांच्या आत राहणारी ती कोळंबीची भावंडं. डबकं भरलं की जन्मायचं, आटायच्या आत अंडी घालून मोकळं व्हायचं. त्या जीवाश्माला १८६२ साली मांगलीचंच नाव मिळालं. गंमत म्हणजे हिस्लॉपने नागपूरहून याच कुळातला एक आजचा जीवही धाडला होता, त्याला १८५९ साली हिस्लॉपचं नाव दिलं गेलं आणि ते अजून चालू आहे. या कुळातले जीव आपल्या सड्यांवरच्या कातळातल्या पावसाळी डबक्यांतही असतात. जुलै-ऑगस्टमध्ये डबक्याकाठी उकिडवे बसा, पाणी ढवळू नका, दोन मिनिटं नुसतं बघत राहा. तळाशी काहीतरी पिवळसर, चपटं, तुरूतुरू हलताना दिसलं तर तेच. झूम करून व्हिडिओ पाठवा. गोल दगडांचे फोटो आता पुरे.

भेटू पुढच्या भागात.